लंगडा चार

आमच्या मामेसासऱ्यांनी आयुष्यात एकही वस्तू सुलटी पाहिलेली नाही. वस्तू हाती आली की ते आधी ती उलटी करतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि बुडाला नाक लावून तिचा नंबर वाचतात. मिक्सर असो, इस्त्री असो, शेजाऱ्यांनी कौतुकाने दाखवायला आणलेला नातवाचा कीबोर्ड असो, वरच्या बाजूला काय आहे याच्याशी त्यांना काही कर्तव्य नसतं. वर दिसतं ते विकणाऱ्याने ठेवलेलं असतं आणि खाली असतं ते करणाऱ्याने, असं त्यांचं मत आहे. लग्न ठरण्यापूर्वी मी वारज्याला त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो, तेव्हा मामींनी माझ्या घड्याळाची तारीफ केली आणि मी जरा ऐटीत म्हणालो, की नवीनच घेतलंय. मामांनी हात पुढे केला. मला वाटलं, हात मिळवायला. त्यांनी माझ्या मनगटावरून घड्याळ उतरवून घेतलं, उलटं केलं, खिडकीपाशी नेलं आणि परत आणून देत म्हणाले, “नवीन तुम्हाला. दुकानात हे नऊ वर्षं पडून होतं.” मी खजील झालो, पण बायकोच्या माहेरी त्या दिवशी आनंदीआनंद होता. मामांनी ज्याचं घड्याळ उलटं केलं तो मुलगा त्यांना पसंत पडला, असा त्या घरातला अनुभव होता. नापसंत मुलांना ते फक्त चहा देत.

मामांची सगळी नोकरी पिंपरीकडच्या एका कारखान्यात गेली. तिथे पाणी उपसायच्या विजेच्या मोटारी बनत. मोटार तयार झाली की तिच्या पट्टीवर पोलादी पंच आणि हातोडी घेऊन एकेक आकडा ठोकायचा, हे त्यांचं पहिल्या बारा वर्षांचं काम, आणि दुसऱ्यांनी ठोकलेले आकडे तपासायचे, हे पुढच्या पंचवीस वर्षांचं. एवढं झाल्यावर माणूस निवृत्त होतो आणि कुंड्यांना पाणी घालतो, टेकडीवर जाऊन सामुदायिक हसतो, नाहीतर सोसायटीचा सेक्रेटरी होऊन इतरांचं हसणं बंद करतो. मामांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी जुन्या पेडल स्टील गिटारींची सालं ठरवायला घेतली.

पेडल स्टील गिटार म्हणजे काय हे वाचकांना माहीत नसेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. पुण्यात हे माहीत असलेली सगळी माणसं एका रिक्षात मावतील आणि शिवाय एकाला जागा उरेल. हे वाद्य टेबलासारखं चार पायांवर उभं असतं. वर आडव्या तारा, समोर खुर्चीवर वाजवणारा. तो डाव्या हातातला लोखंडी दांडा तारांवरून सरकवतो आणि पायाने खालची पेडल दाबतो, की एक सूर न तुटता दुसऱ्या सुरात उतरतो. अमेरिकेत गुराख्यांच्या गाण्यांना याची साथ फार लागते म्हणे. मामांना गुराख्यांशी देणंघेणं नाही आणि सुरांशी तर नाहीच. त्यांचं म्हणणं एवढंच, की या वाद्यांच्या बाजूच्या पट्टीवर नंबर ठोकलेला असतो, ते करणारे जुने कारखाने केव्हाच बंद पडले, त्यांची दप्तरं गेली, आणि कुठला नंबर कुठल्या सालचा हे आज कोणालाही धड सांगता येत नाही. “म्हणजे काम शिल्लक आहे,” असं ते समाधानाने म्हणतात.

या वेडाचं मूळ तरुणपणात आहे. कारखान्यातल्या मित्रांच्या नादाने मामा नारायण पेठेतल्या एका क्लासात हवाईयन गिटार शिकायला गेले होते. सरांनी गिटार मांडीवर घ्यायला सांगितली. मामांनी ती घेतली, पण पालथी. तीन आठवड्यांत क्लासातल्या झाडून सगळ्या गिटारींचे नंबर त्यांच्या वहीत उतरले होते आणि ‘सा’ कुठल्या तारेवर असतो हे अजून कळायचं होतं. चौथ्या आठवड्यात सरांनी त्यांना दोन्ही हात जोडले. तिथेच कोणीतरी पेडलवाल्या गिटारीचा एक परदेशी फोटो दाखवला, फोटोत बाजूच्या पट्टीवरचे आकडे अंधुक दिसत होते, आणि ते आकडे पुढची तीस वर्षं मामांच्या डोक्यात बसून राहिले.

आता इंटरनेटवर या वाद्यांच्या शौकिनांचा एक मोठा गट आहे. त्यात टेक्सासचे शेतकरी आहेत, चर्चमध्ये वाजवणारे आजोबा आहेत, आणि वारज्याचे आमचे मामा आहेत. मामांनी आजवर प्रत्यक्ष हात लावलेल्या पेडल स्टील गिटारी तीन, फोटोंवरून अभ्यासलेल्या चार हजारांच्या वर. ज्या गिटारीची मूळ खरेदीची पावती सापडते तिचा नंबर म्हणजे मैलाचा दगड. असे दोन दगड मिळाले की मधला रस्ता मामा घरबसल्या मोजतात. त्यांच्या उत्तरांची भाषा इंग्रजी असते पण वृत्ती सदाशिव पेठेतली. कोणी बिचारा मोठं पत्र लिहितो, की ही गिटार माझ्या वडिलांची, यावर ते अमुक ठिकाणी वाजवत, तिचा नंबर हा, साल कळेल का. मामा लिहितात, “पत्रातली दुसरी ओळ वगळता बाकी मजकूर अनावश्यक.” आणि खाली साल. सुरुवातीला ते लोक दुखावले, मग त्यांच्या लक्षात आलं की या माणसाचं साल चुकत नाही, आणि मग त्यांना या उत्तरांची चटकच लागली. एकाने उत्तराला लाल बदाम पाठवला. मामांनी मला फोन करून विचारलं, “हे काय आहे?” मी म्हटलं, “पोच आहे.” तेव्हापासून ते आलेल्या बदामांची नोंद ठेवतात.

पण त्यांचा खरा अभिमान सालाचा नव्हे, हाताचा. आकडा पंचाने ठोकला तरी तो माणसाच्या हातचा असतो, असं ते सांगतात. कोणाचा सात डावीकडे कलतो, कोणाची हातोडी शून्यावर जोरात पडते, कोणी जेवणानंतर ठोकलेले आकडे ओळीतून खाली घसरतात. अमेरिकेतल्या त्या मेलेल्या कारागिरांना मामा घरच्या माणसांसारखे ओळखतात. त्यातल्या एकाला त्यांनी ‘घाईवाला’ असं नाव ठेवलंय आणि दुसऱ्याला ‘देवमाणूस’. एकदा आमच्या हिंजवडीच्या कचेरीत कुटुंबीयांना बोलावण्याचा दिवस होता. काचेची इमारत, फुगे, गोड पाणी. मामा भिंतीवरच्या आग विझवायच्या नळकांड्यापाशी वाकून उभे राहिले आणि आमच्या मोठ्या साहेबांना शांतपणे म्हणाले, “ठोकणारा माणूस चांगला होता. भरणाऱ्याचं सांगता येत नाही. आग लागली तर जिना वापरा.” साहेबांनी दुसऱ्या दिवशी सगळी नळकांडी बदलली आणि मला विचारलं, की तुमचे मामा कुठल्या खात्यात होते.

माणसांच्या सांगण्यावर मात्र मामांचा काडीचा विश्वास नव्हता. “माणूस साल विसरतो, लोखंड विसरत नाही,” हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणत, की आमची मुलगी अडीच वर्षांची असताना पहिलं मोठं वाक्य म्हणून तेच बोलली. आणि नेमक्या याच वाक्याने त्यांनी आपल्या घरात जे करून ठेवलं, ते सांगायला मी हा लेख लिहायला बसलोय. त्यात माझाही हात आहे, म्हणून जरा जपून सांगतो.

आमच्या मामी अबोल आहेत. मामांसारख्या माणसाबरोबर पन्नास वर्षं काढायची तर दोघांपैकी एकाने अबोल असावं लागतं. पण एक गोष्ट त्या नेहमी सांगत, आणि सांगायला लागल्या की थांबत नसत. ती त्यांच्या लग्नाची. मामी वाईच्या. आई लहानपणीच गेलेली, वडिलांना सोडून यायचं, त्यामुळे सकाळपासून त्या रडत होत्या. संध्याकाळी स्वागत समारंभात त्या मखमली खुर्चीवर एकट्याच बसल्या होत्या, कारण नवरदेव मंगल कार्यालयाच्या पंख्याचा नंबर बघायला गेले होते. मामांच्या कारखान्यातल्या मित्रांनी एक ऑर्केस्ट्रा आणला होता. त्यात एक माणूस हिरव्या टेबलासारखं काहीतरी मांडून बसला आणि शिवणयंत्र चालवावं तसे पाय हलवायला लागला. “आणि तो आवाज आला,” मामी सांगत. “मला वाटलं, माझ्याऐवजी कोणीतरी दुसरंच रडतंय. मग मी कशाला रडू? मी डोळे पुसले.” त्या थांबत, आणि पुढे म्हणत, की त्या क्षणी त्यांना वाटलं, या गावात आपलं बरं चालेल. मामी ही गोष्ट प्रत्येक नव्या सुनेला आणि जावयाला सांगत. मीही ऐकली होती.

तीन वर्षांपूर्वी माझं ते प्रसिद्ध घड्याळ बंद पडलं. कॅम्पातल्या एका गल्लीत बशीरभाई म्हणून जुने घड्याळजी आहेत, त्यांच्याकडे नेलं. दुकानामागेच त्यांचं घर. दारातून आत पाहिलं तर कोपऱ्यात चादर घातलेलं चार पायांचं काहीतरी उभं होतं. मी विचारलं. बशीरभाई म्हणाले, “स्टील गिटार आहे साहेब. ऑर्केस्ट्रात वाजवायचो. आमच्या मालकांचा मेहुणा बोटीवर होता, त्याने आणली होती. ऑर्केस्ट्रा बंद झाला तेव्हा मालकांनी मला देऊन टाकली.” आता अशी बातमी पोटात ठेवणं मला शक्य नव्हतं. पुढच्या रविवारी मामा-मामींना गाडीत घालून मी कॅम्पात हजर झालो. मामी पडद्यांचं कापड घ्यायला म्हणून आल्या होत्या.

बशीरभाईंनी चादर काढली. गिटार हिरवी होती. मामी दारातच उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, “अहो, हीच ती.” मामा तोवर गुडघ्यांवर बसून पट्टीपाशी पोचले होते. भिंग निघालं, वही निघाली, बरीच पानं उलटली गेली. मग मामा गुडघे झाडत उठले.

“ही ती नव्हे,” ते म्हणाले. “ही आपल्या लग्नानंतर दोन वर्षांनी तयार झाली.”

“पुण्यात तेव्हा दुसरी नव्हती साहेब,” बशीरभाई म्हणाले.

“तुमची माहिती अपुरी आहे. लग्नात मांडीवरची साधी गिटार असणार.”

“मांडीवर नव्हती,” मामी म्हणाल्या. “त्या माणसाचे पाय हलत होते.”

“पाय सगळ्यांचेच हलतात.”

“मग मी काय ऐकलं?”

“पेटी असेल,” मामा म्हणाले, आणि वहीत नोंद करायला खाली बसले.

बशीरभाईंनी मामींकडे पाहिलं आणि कोणाला न विचारता चहा टाकायला आत गेले. मी बशीरभाईंना नंतर विचारलं, की तुम्हाला आठवतं का ते लग्न. ते म्हणाले, “एका मोसमात चाळीस-चाळीस लग्नं वाजवली. नवरीकडे बघायची आम्हाला परवानगी नव्हती.” मामींनी त्या दिवशी पडद्यांचं कापड घेतलं नाही.

त्यानंतर मामींनी ती गोष्ट पुन्हा सांगितली नाही. माझ्या मेहुण्याचं लग्न झालं, नवी सून आली, आम्ही सगळे जेवायला बसलो असताना तिने आग्रह केला, “मामी, ते तुमच्या लग्नातलं सांगा ना.” मामी भात वाढत म्हणाल्या, “मला काही आठवत नाही गं.” माझ्या बायकोने त्या दिवशी मामांना स्वयंपाकघरात गाठून सुनावलं, “मामा, तुम्ही मामीचं लग्न तिच्याकडून काढून घेतलंत.” मामा म्हणाले, “मी साल सांगितलं. लग्न आहे तिथेच आहे.” मला त्यांचा तेव्हा अतिशय राग आला होता. शिवाय मामींचा डावा कान पूर्वीच गेलेला होता आणि आता उजवाही चालला होता. डॉक्टरांनी यंत्र दिलं आणि सांगितलं, की यंत्राने बोलणं काही काळ ऐकू येईल, पुढचं धरून चालू नका. मामांनी यंत्र उलटं करून नंबर पाहिला आणि “माल चांगला आहे” म्हणाले. मामी नुसत्या हसल्या.

मामा मात्र त्या हिरव्या गिटारीवर फार खूश होते. तिच्या नंबरात एक इंग्रजी चार होता आणि त्या चाराचा पाय तुटका होता. उभी रेघ खालपर्यंत यायच्या आधीच संपत होती. असा चार त्यांनी चार हजार गिटारींत पाहिला नव्हता. त्यावर त्यांनी महिनाभर विचार करून सिद्धांत मांडला, की त्या वर्षी अमेरिकेतल्या कारखान्यात चाराचा पंच फुटला असला पाहिजे, सबब लंगडा चार दिसला की ते साल पक्कं समजावं. गटात खळबळ उडाली. एकवीस बदाम आले. टेक्सासच्या एका गृहस्थाने तर लिहिलं, की माझ्याही गिटारीचा चार नीट पाहिल्यावर जरा लंगडा वाटतो. मामांनी त्याला प्रथमच ‘अभिनंदन’ असं लिहिलं. अमेरिकेत लोक आता गिटारी विकताना ‘लंगडा चार’ असा खास उल्लेख करू लागले, हे मला मामांनीच दाखवलं.

गेल्या वर्षी मामांच्या सोसायटीचा पाण्याचा पंप जळला. खूप जुना पंप, इमारत उभी राहिली तेव्हा कोणीतरी जुन्या बाजारातून आणून बसवलेला. प्लंबरने तो उपटून जिन्याखाली ठेवला आणि मामा अर्थातच पट्टी बघायला वाकले. मोटार त्यांच्याच कारखान्यातली निघाली. ते बराच वेळ तसेच वाकून राहिले, तेव्हा प्लंबरला वाटलं, कंबर धरली. त्याने धरून उठवलं तर मामांचा चेहरा उतरलेला. पट्टीवरच्या नंबरात चार होता आणि त्याचा पाय तुटका होता.

हे सगळं मामांनी मला नंतर सांगितलं, तेही तुकड्या-तुकड्यांत. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांच्या हातून चाराचा पंच सिमेंटच्या जमिनीवर पडला होता आणि त्याचं टोक उडालं होतं. फोरमनने नवीन दिला नाही. म्हणाला, तू पाडलास, तूच वापर. त्यामुळे पुढची अकरा-बारा वर्षं मामांनी ठोकलेला प्रत्येक चार लंगडा होता. नव्या साच्याचे पंच आले तेव्हा तो भंगारात गेला आणि मामा त्याला विसरून गेले. आणि मग त्यांना एक दुपार आठवली. ओतशाळेतला एक ओळखीचा कामगार जेवणाच्या सुट्टीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली ॲल्युमिनियमची पट्टी घेऊन आला होता. कुठल्याशा वाद्याची आहे म्हणाला, तुटली म्हणून नवी ओतलीय, बिननंबराची पट्टी लावली तर लोकांना वाद्य देशी वाटतं, तेव्हा कुठलाही नंबर टाकून दे. मामांना जेवायचं होतं. त्यांनी समोरच्या मोटारीचा नंबर तिच्यावरही टाकून दिला.

समुद्रापलीकडच्या मेलेल्या कारागिरांचे हात जो माणूस फोटोवरून ओळखतो, त्याला स्वतःचा हात ओळखता आला नव्हता. विहिरीवरच्या मोटारीच्या नंबरावरून त्याने गिटारीचं साल काढलं होतं, त्यावर सिद्धांत रचला होता, आणि बायकोला सांगितलं होतं, की तू ऐकलीस ती पेटी असेल.

“जावईबापू,” मामांचा फोन आला, “रविवारी कॅम्पात जायचंय. हिला काही बोलू नका.” बशीरभाईंना त्यांनी दारातूनच विचारलं, की पट्टी कधी बदलली होती का. “हो ना,” बशीरभाई म्हणाले. “लोणी काळभोरला लग्न वाजवून येताना टेम्पोतून पडली. मालकांनी दुसरी करून आणली.”

“हे तुम्ही तेव्हा का नाही सांगितलं?”

“तुम्ही नंबर वाचत होता साहेब. मध्ये कसं बोलायचं?”

आम्ही तिघांनी मिळून गिटार सतरंजीवर पालथी केली. तिचे चारही पाय वर झाले. मामांनी आतल्या लाकडावर विजेरी मारली. जिथे कोणी कधी पाहणार नाही अशा कोपऱ्यात, कारागिराने पेन्सिलीने स्वतःची आद्याक्षरं आणि तारीख लिहून ठेवलेली होती. तारीख मामांच्या लग्नाच्या आदल्या वर्षातली होती. मामा विजेरी बंद करायची विसरले. मग म्हणाले, “नंबर होता म्हणून मी आत पाहिलंच नाही.” त्या रात्री त्यांनी गटात दोन ओळी लिहिल्या, की लंगडा चार हा अमेरिकेतल्या कारखान्याचा नसून माझा आहे, तरी कोणी त्यावर साल ठरवू नये. एकही बदाम आला नाही. टेक्सासच्या गृहस्थाने विचारलं, की मग माझा चार का लंगडतो. मामांनी लिहिलं, “चष्मा तपासून घ्या.”

पण ते सोपं होतं. अवघड काम पुढच्या रविवारी होतं. मामींना आम्ही काही न सांगता बशीरभाईंच्या घरी नेलं. गिटार उघडी करून ठेवली होती, तारा नव्या लावल्या होत्या. मामी तिच्याकडे न बघता बशीरभाईंच्या सुनेशी पडद्यांबद्दल बोलत बसल्या. मामा त्यांच्यासमोर उभे राहिले. हा माणूस आयुष्यात कोणासमोर ‘चुकलो’ म्हणाला नव्हता, फोरमनसमोरही नाही, आणि आज तो शब्द त्याने मोठ्या कष्टाने जमवून, अगदी हळू आवाजात उच्चारला.

“काय?” मामींनी यंत्रावर हात ठेवून विचारलं.

“चुकलो म्हणतोय.”

“कोण चुकलं?”

“मी,” मामा ओरडले. पुढे दुकानात घड्याळ घ्यायला आलेलं गिऱ्हाईक दचकून वळून बघायला लागलं. “मी चुकलो. पट्टी माझ्या हातची होती. आत तारीख आहे. लग्नाच्या आदल्या वर्षीची.”

मामींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग त्या उठून गिटारीपाशी गेल्या. “म्हणजे हीच होती?” त्यांनी विचारलं.

मामांना मी वीस वर्षं ओळखतो. या प्रश्नाचं त्यांचं उत्तर मला पाठ होतं. पेन्सिलीच्या तारखेवरून एवढंच सिद्ध होतं, की ही गिटार तेव्हा जगात होती. ती त्या दिवशी बोटीवर असेल, दुसऱ्या लग्नात असेल. असणं शक्य आहे, याच्यापुढे मामा कधी जात नसत. मी त्या वाक्याची वाट बघत उभा होतो आणि मनातून मला त्याची भीती वाटत होती.

“हीच होती,” मामा म्हणाले.

बशीरभाई खुर्चीवर बसले. ऐंशीच्या घरातले हात, पहिल्यांदा दांडा सटकला, मग जमलं. यंत्रातून गाण्याची नुसती किरकिर ऐकू येते, म्हणून मामींनी ते कानातून काढलं आणि पर्समध्ये ठेवलं. मग त्यांनी गिटारीच्या हिरव्या लाकडावर तळहात टेकला आणि बशीरभाई थांबेपर्यंत तो उचलला नाही. त्यांना काय ऐकू आलं ते मला माहीत नाही. मामांनीही विचारलं नाही.

परतताना मामी मागच्या सीटवर मामांच्या शेजारी होत्या. यंत्र पर्समध्येच होतं. स्वारगेटच्या सिग्नलला गाडी थांबली आणि मामींनी आपण होऊन ती गोष्ट सांगायला घेतली. वाईहून निघाल्यापासून, वडिलांनी डब्यात बांधून दिलेल्या लाडवांपासून, सगळी. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे त्या फार मोठ्याने बोलत होत्या आणि शेजारचे स्कूटरवाले वाकून आत बघत होते. मी आरशात पाहिलं. मामा त्यांच्याकडे तोंड करून बसले होते आणि एकेक शब्द ऐकत होते.

“तेव्हा मी तुझ्याजवळ बसायला हवं होतं,” ते म्हणाले.

मामींना ते ऐकू गेलं नाही. त्या पुढचं सांगत होत्या.